पगाराच्या दिवशी दंडाला पट्टा : सोलापूरच्या यंत्रमाग कारखानदारांना खुले पत्र

सर्व कारखानदार मालकांस,

सप्रेम नमस्कार.

मी आपल्याच पूर्व भागातली. माहेर दाजी पेठेत, सासर अशोक चौकाच्या पलीकडं. वडील मागावर होते, सासरे मागावर होते, आमचे हे जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. घरात मी एकटीच वेगळ्या वाटेनं गेले. नर्सिंग केलं, ३१ वर्षं परिचारिका म्हणून नोकरी केली आणि २ वर्षांपूर्वी निवृत्त झाले. दवाखान्यात मला सिस्टर म्हणायचे, गल्लीत अजूनही अक्का म्हणतात. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या आईवडिलांना मी इंजेक्शनं दिली असतील.

हे पत्र दंडाला पट्टा बांधून कामगारांचं बीपी, म्हणजे रक्तदाब, मोजण्याबद्दल आहे. ते लिहायला मला ४ वर्षं लागली, त्याचं कारण आधी सांगते.

मार्च महिना होता. आमच्या ह्यांची रात्रपाळी. पहाटे ३ च्या सुमाराला एका मागाचं काम करताना हातातला पाना खाली पडला. उचलायला वाकले तर उजवा हात पुढं येईना. शेजारच्या मागावरच्या पोरांना वाटलं, झोप अनावर झालीय. त्यांनी चहा आणून दिला, तो ओठाच्या एका बाजूनं गळाला. मागांच्या आवाजात बोलणं ऐकू येत नाहीच, त्यामुळं शब्द अडखळतायत हे कुणाला कळलं नाही. त्यांना सुताच्या पोत्यांवर आडवं केलं. पाळी सुटल्यावर दोघांनी मोटारसायकलवर मधे बसवून घरी आणलं. दवाखान्यात पोचलो तेव्हा ८ वाजत आले होते. बीपी २१०/१२०. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि हे मी स्वतः शिकलेली बाई. घड्याळाकडं बघितलं आणि मला सगळं कळून चुकलं.

त्यांच्या मालकांबद्दल माझी तक्रार नाही. ते भेटायला आले, पैसे दिले, डोळ्यांत पाणी आणलं. त्या पोरांबद्दलही नाही. तक्रार करायचीच तर ती माझ्याबद्दल आहे. बीपीचं मशीन आमच्या कपाटात होतं. नोकरीत मी हजारो दंडांना पट्टा बांधला आणि घरातल्या ह्या एका दंडाला कधी बांधला नाही. ते पाळीवर असायचे तेव्हा मी घरी, ते घरी झोपलेले असायचे तेव्हा मी ड्यूटीवर. डोकं दुखतं म्हणायचे, मी म्हणायचे जागरणाचं आहे.

त्यांचं बीपी किती वर्षांपासून वाढलेलं होतं, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. वाढलेलं बीपी बहुतेक वेळा दुखत नाही, खुपत नाही, चक्कर आणत नाही. आतल्या आत रक्तवाहिन्यांच्या भिंती कडक करतं, हृदयाचा स्नायू जाड करतं, मूत्रपिंडाच्या बारीक नळ्या खराब करतं. देशभरात केलेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. म्हणजे तुमच्या कारखान्यात दोन्ही पाळ्यांची मिळून २० माणसं असतील, तर त्यातल्या ६-७ जणांना तो असण्याची शक्यता आहे. त्यांना ते माहीत आहे का, हा माझा पहिला प्रश्न.

दवाखान्यात ह्याला ‘जीवनशैलीचा आजार’ म्हणतात. ह्या शब्दाबरोबर मी ३१ वर्षं काढली आणि तो मला कधी पटला नाही. ओपीडीच्या भिंतीवर पोस्टर असायचं : रोज ३० मिनिटं चाला, ताजी फळं खा, पुरेशी झोप घ्या, ताण घेऊ नका. त्याच्या खालच्या बाकावर रात्रपाळी करून आलेला माणूस भिंतीला डोकं टेकून झोपलेला असायचा. त्याला मी काय सांगायचं? जीवनशैली म्हणजे माणसानं आपल्या मर्जीनं निवडलेलं जगणं. आपल्या कामगाराचं उठणं, झोपणं, जेवणं, उभं राहणं हे पाळीनं ठरवलेलं असतं. निम्मी जीवनशैली कारखान्याच्या दारातून आत येताना बदलते. म्हणून हे पत्र कामगारांना न लिहिता तुम्हाला लिहितेय.

बारा तासांच्या पाळीचंच घ्या. आठवड्याचे ६ दिवस धरले तर ७२ तास होतात. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना ह्यांनी २०२१ मध्ये जगभरातले अभ्यास एकत्र करून सांगितलं की आठवड्याला ५५ किंवा त्याहून जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या मानानं मेंदूच्या झटक्याचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकारानं मरण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. आपले लोक ५५ ची रेघ आठवड्याच्या पाचव्या दिवशीच ओलांडतात.

त्यात रात्रपाळी. निरोगी माणसाचं बीपी रात्री झोपेत १० ते २० टक्क्यांनी खाली येतं. तेवढीच काय ती रक्तवाहिन्यांना विश्रांती. रात्रभर जागणाऱ्याला ती मिळत नाही आणि दिवसा पत्र्याच्या खोलीत, एप्रिल-मे महिन्यात, पोरांच्या गडबडीत लागणारी झोप तिची भरपाई करत नाही. आमचे हे दिवसा ४ तास झोपले तर मी ‘आज चांगली झोप झाली’ म्हणायचे.

आवाजाबद्दलही बोलते, कारण त्याची आपल्याला इतकी सवय झालीय की तो आवाज आहे हेच आपण विसरलोय. धोट्याचे जुने माग एका शेडमध्ये सुरू असले की शेजारच्या माणसाशी हातवारे करूनच बोलावं लागतं. ८ तासांसाठी ९० डेसिबल ही आपल्या नियमांतली मर्यादा, आपली पाळी १२ तासांची. असा आवाज कान तर बिघडवतोच, शिवाय शरीर त्याला सतत धोक्याची सूचना समजतं, नाडी आणि दाब चढता ठेवतं. अशा आवाजात वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांमध्ये उच्च रक्तदाब जास्त आढळतो, असं अनेक अभ्यासांत दिसलंय. कानात घालायचे रबरी बोळे फार महाग नसतात. एका कारखान्यात मी ते आणून दिले होते. पोरं म्हणाली, मागाचा आवाज बदलला तर कळणार नाही, धागा तुटलेला कळणार नाही. त्यांचं म्हणणं खरं आहे. कसबी माणूस माग कानानं चालवतो. पण १२ तासांत जेवणाचा आणि चहाचा वेळ तरी त्या शेडच्या बाहेर, सावलीत, खुर्चीवर बसून मिळाला तर? बऱ्याच ठिकाणी डबा मागाशेजारीच उघडला जातो, एक डोळा मागावर ठेवून. जेवढा माल निघेल तेवढी मजुरी असली की माणूस स्वतःच स्वतःला उठू देत नाही.

मालक मंडळी मला नेहमी एक सांगतात : ‘अक्का, आमची माणसं दिवसभर चालतातच की, त्यांना व्यायाम कशाला?’ ह्याचं उत्तर नीट द्यायला हवं. कामावरची धावपळ आणि व्यायाम एक नव्हेत. व्यायामात अर्धा तास हृदय जोरात पळतं, मग थंड होतं, विश्रांती घेतं, त्यातून मजबूत होतं. मागावर १२ तास उभं राहणं, वाकणं, बीम (सुताचा जड रूळ) उचलताना श्वास रोखणं ह्यात हृदयाला थंड व्हायला वेळच नसतो. पायांच्या शिरा फुगतात, दाब चढाच राहतो. सकाळी कंबर तलावाच्या काठानं फिरणाऱ्यांत तुम्ही भेटता मला, मालक. तुमचा जॉबर तिथं कधी दिसला का? तो त्या वेळी पाळीवरून येत असतो नाहीतर पाळीला जात असतो.

आता मावा.

ह्यावर मी सगळ्यात जास्त भांडलेय आणि सगळ्यात जास्त हरलेय. कारखान्यात सुताचं तूस उडतं, आग लागायची भीती, म्हणून विडी-सिगारेट बंद. बरोबरच आहे. पण मग तीच तलफ माव्यावर येते. कच्ची सुपारी, तंबाखू, चुना, प्लॅस्टिकच्या कागदात घोळून गालात. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, मावा मात्र कोपऱ्यावर डोळ्यादेखत घोळून मिळतो. रात्री २ वाजता झोप उडवायला हाच उपाय, असं पोरं सांगतात. लोक म्हणतात, धूर नाही म्हणजे हृदयाला त्रास नाही, फार तर तोंडाचा कॅन्सर. तसं नाही. निकोटीन गालातून रक्तात जातं आणि मिनिटांत नाडी आणि बीपी वाढवतं. गालात पुडी जितका वेळ, तितका वेळ ते उतरत नाही. ५२ देशांत झालेल्या, २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या हृदयविकाराच्या मोठ्या अभ्यासात तंबाखू चघळणाऱ्यांनाही झटक्याचा धोका स्पष्टपणे वाढलेला दिसला आणि विडीचा धोका सिगारेटपेक्षा कमी नाही, हेही दिसलं. त्याच अभ्यासातली एक गोष्ट मी सगळ्यांना सांगत असते. आपल्या भागातल्या, म्हणजे भारत-पाकिस्तान-बांगलादेश-श्रीलंका-नेपाळमधल्या लोकांना हृदयविकाराचा पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो, बाकीच्या जगात ५९ व्या. सहा वर्षं आधी. आमच्या ह्यांचा झटका हृदयाचा नव्हता, मेंदूचा होता, पण वय ५१ च होतं.

आणि बायकांचं तंबाखूशी नातं वेगळंच. आपल्या कामगारांच्या घरात आई, बायको, बहीण विड्या वळते. दिवसभर मांडीवर सूप, सुपात तंबाखू. त्यातल्या कितीतरी जणी सकाळी दातांना मिश्री लावतात आणि ‘मला काही व्यसन नाही’ म्हणतात. दवाखान्यात ‘तंबाखू खाता का?’ विचारलं की नाही म्हणायच्या. ‘मिश्री लावता का?’ विचारलं की हसून हो म्हणायच्या. प्रश्न कसा विचारायचा हे शिकायला मला ५-६ वर्षं लागली.

सोडणं सोपं नाही, पण फायदा लवकर दिसतो. धूम्रपान सोडल्यावर वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका जवळपास निम्म्यावर येतो. तंबाखू सुटायला मदत करणारं समुपदेशन सरकारी रुग्णालयांत मिळतं. तुम्ही एवढंच करा : मालकाच्या टेबलावर तंबाखूची डबी नको, आणि कामगाराला जागं ठेवायला मुकादमानं पुडी वाटणं नको. हे होतं, मी बघितलंय.

मिठाचं सांगताना मला जपून बोलावं लागतं, कारण शेंगा चटणीवर बोलणं म्हणजे सोलापूरवर बोलणं. मीही रोज खाते. कडक भाकरी, शेंगा चटणी आणि दही असलं की मला दुसरं काही लागत नाही. अडचण चटणीची नाही, ती भाजीच्या जागी येते त्याची आहे. बायको विड्यांचा हिशोब पुरा करायला रात्री ११ पर्यंत बसते, नवऱ्याची पाळी पहाटेची, भाजी निवडून शिजवायला वेळ कुठला? डब्यात भात किंवा भाकरी, चटणी, लोणचं. वर कोपऱ्यावरची मिरची भजी, फरसाण, खारी. एका दिवसाला माणसाला ५ ग्रॅम मीठ पुरे, म्हणजे सपाट भरलेला एक छोटा चमचा, आणि ह्यात चटणी, लोणचं, पापड सगळं आलं. आपल्या देशात सरासरी ८ ग्रॅम खाल्लं जातं. अशा डब्यात त्याहून जास्तच जात असणार.

‘घाम गाळतो, मीठ नको का?’ हा प्रश्नही दर उन्हाळ्यात येतो. घामानं कमी होतं ते मुख्यतः पाणी. जेवणातल्या मिठानं बहुतेकांची गरज भागते. गरज आहे ती शेडमध्ये गार पाण्याच्या माठाची. तो भरलेला आणि झाकलेला असावा, त्याच्याकडं जायला मागावरून सुटका असावी. उलट्या-जुलाब झाले, उन्हानं भोवळ आली तर गोष्ट वेगळी, तेव्हा मीठ-साखरेचं पाणी लागतंच.

चीनमध्ये एक मोठा प्रयोग झाला, २०२१ मध्ये त्याचे निकाल आले. ६०० खेड्यांतल्या सुमारे २१,००० लोकांपैकी निम्म्यांना साध्या मिठाऐवजी असं मीठ दिलं, ज्यात एक चतुर्थांश भाग पोटॅशियमचा क्षार होता. त्यांना मेंदूचे झटके १४ टक्क्यांनी कमी आले. स्वयंपाक तोच, चव जवळपास तीच. असं कमी सोडियमचं मीठ आपल्या दुकानांतही मिळतं, थोडं महाग पडतं. दिवाळीला मिठाईच्या डब्याबरोबर ह्याची दोन पाकिटं दिलीत तर मी तुम्हाला दुवा देईन. फक्त ज्याला मूत्रपिंडाचा विकार आहे किंवा बीपीच्या काही विशिष्ट गोळ्या सुरू आहेत, त्यानं डॉक्टरला विचारल्याशिवाय ते वापरू नये.

दारूबद्दल मी फार लिहीत नाही, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. पगाराच्या संध्याकाळी शिंदीच्या आणि देशीच्या दुकानांपुढं कोण उभं असतं, त्यांची नावंही तुम्हाला पाठ असतील. रोजच्या दारूनं बीपी चढतं आणि गोळी घेणाऱ्याचीही गोळी त्यामुळं नीट लागू पडत नाही, एवढंच.

आता मुद्द्यावर येते. माझी मागणी एक आहे. प्रत्येक कारखान्यात, दोन्ही पाळ्यांत, महिन्यातून एकदा, पगाराच्या दिवशी, कामाच्या वेळेत, प्रत्येकाचं बीपी मोजा आणि वहीत लिहा.

पगाराचा दिवस अशासाठी, की त्या दिवशी कुणी दांडी मारत नाही. सगळे रांगेत असतात आणि घाईतही नसतात. कामाच्या वेळेत अशासाठी, की दवाखान्याची वेळ आणि पाळीची वेळ एकच असते. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट, गोळ्या फुकट, पण रांगेत गेलेल्या अर्ध्या दिवसाची मजुरी कुणी देत नाही. आमच्याकडं चाळिशीचा एक कामगार यायचा, दर महिन्याला १५ दिवसांच्या गोळ्या न्यायचा. मी विचारलं, महिन्याच्या का नेत नाहीस? म्हणाला, ‘नेतो अक्का, एक दिवसाआड खातो, म्हणजे दोनदा यावं लागत नाही.’ त्याला वाटायचं १५ दिवसांच्याच मिळतात. नियमानं महिन्याच्या मिळत होत्या, हे आमच्यापैकी कुणी त्याला नीट सांगितलंच नव्हतं.

पण मोजण्याच्या आधी तुम्हाला एक गोष्ट करावी लागेल आणि ती मशीनपेक्षा महत्त्वाची आहे. बोर्डावर मोठ्या अक्षरांत लिहा, मराठीत आणि तेलुगूत : बीपी निघालं म्हणून कुणालाही कामावरून कमी केलं जाणार नाही. हे लिहिल्याशिवाय कुणी दंड पुढं करणार नाही. कामगार बीपी लपवतो. ‘आजारी माणूस’ म्हणून नाव झालं की चांगले माग दुसऱ्याला जातात, बदलीवर ठेवतात, पुढच्या महिन्यात ‘बघू’ म्हणतात, हे त्याला माहीत असतं. आमचे हे स्वतः असंच बोलायचे. झटक्याच्या २ महिने आधी मी एकदा म्हटलं होतं, चला तपासू. ते म्हणाले, ‘तुझ्या वहीत नाव लागलं की माझ्या मालकाच्या कानावर जाईल.’ मी हसून सोडून दिलं. आज मला ते वाक्य रात्री ऐकू येतं.

तुमच्याही अडचणी मला दिसतात. सुताचे भाव, विजेचं बिल, बाहेरून येणारा स्वस्त माल, बंद पडलेले शेजारचे माग. आपल्या चादरीला आणि टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, त्याचा अभिमान सगळ्यांना आहे, पण त्यानं घर चालत नाही हेही खरं. मी तुम्हाला पाळी उद्याच्या उद्या ८ तासांची करा म्हणत नाहीये. व्हायला हवी असं मला मनापासून वाटतं, ते लपवत नाही. पण दंडावर बांधायचं चांगलं मशीन २ हजाराच्या आसपास येतं आणि वर्षानुवर्षं चालतं. ज्यांच्याकडं १० किंवा जास्त कामगार आहेत, त्यांना राज्य कामगार विमा योजना लागू होते. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्यांना त्यात उपचार मिळतात आणि आजारपणात अटींनुसार वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. सोलापुरात योजनेचं रुग्णालयही आहे. नाव नोंदवलं असेल तर कार्ड कामगाराच्या हातात द्या, कपाटात ठेवू नका.

मोजायचं कसं, तेही लिहिते, कारण चुकीचं मोजून घाबरवण्यापेक्षा न मोजलेलं बरं. मागावरून उठून आलेल्याला लगेच पट्टा बांधायचा नाही. शेडच्या बाहेर पाठ टेकायची खुर्ची ठेवा. पाय जमिनीवर, दंड उघडा, हात टेबलावर छातीच्या उंचीला. ५ मिनिटं नुसतं बसू द्या. अर्ध्या तासात चहा, मावा, विडी झालेली नको. बोलायचं नाही. दोनदा मोजा, मधे एक मिनिट जाऊ द्या. जाड दंडाला मोठा पट्टा लागतो, नाहीतर आकडा उगाच जास्त येतो. १४०/९० किंवा वर आला तर लगेच आजारी ठरवू नका, आठवड्यानं पुन्हा मोजा, पुन्हा तोच आला तर डॉक्टरकडं पाठवा. १८०/११० च्या वर आला तर त्याच दिवशी, पगारी सुट्टी देऊन, सोबत माणूस देऊन.

गोळी सुरू झाली की दोन महिन्यांत लोक ती सोडतात, ‘आता बरं वाटतंय’ म्हणून किंवा ‘इंग्रजी गोळीची गरमी होते’ म्हणून. त्यांना मी एक खरी गोष्ट सांगायचे. बीपीवरच्या सुरुवातीच्या औषधांपैकी एक आपल्याच मातीतलं. सर्पगंधेच्या मुळीनं रक्तदाब उतरतो, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम वकील ह्यांनी १९४९ मध्ये इंग्लंडच्या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं आणि जगभरच्या डॉक्टरांनी ते उचललं. आज त्याहून चांगल्या, कमी त्रासाच्या गोळ्या स्वस्तात मिळतात. मुळी चघळत बसायची नाही आणि गोळी स्वतःच्या मनानं सोडायची नाही. एकदा पटलं की आपली माणसं नेटानं घेतात.

आणखी एक कागद भिंतीवर लावा, मीच लिहून देते. तोंड एका बाजूला वाकडं झालं, एक हात उचलेना, बोलणं अडखळलं, तर वेळ बघा, लिहून ठेवा आणि १०८ ला फोन करा. छातीवर दडपण, घाम, श्वास लागणं, दुखणं जबड्याकडं किंवा हाताकडं जाणं, तर ‘गॅस झालाय’ म्हणून सोडा पाजू नका. मधुमेह असलेल्याला आणि बायकांना कधीकधी छातीत दुखतही नाही, नुसता थकवा, मळमळ, घाम. पोत्यावर झोपवू नका, पाळी सुटायची वाट बघू नका. रात्रपाळीच्या मुकादमाकडं चार्ज केलेला फोन आणि गेटची किल्ली असावी. हे लिहिताना माझा हात थांबतो, पण लिहितेच : बाहेरून कुलूप लावलेल्या शेडमध्ये रात्री माणसं ठेवू नका.

तुम्हा मालकांनाही मी त्या खुर्चीवर पहिल्यांदा बसायला सांगणार आहे. तुम्ही १२ तास उभे नसता, तर १२ तास बसलेले असता. येणाऱ्या प्रत्येक व्यापाऱ्याबरोबर साखरेचा चहा, वसुलीचा ताण, पोटाचा घेर. तुमच्यातल्या किती जणांच्या छातीवर बायपासचा व्रण आहे, ते मला चांगलं माहीत आहे, ड्रेसिंग मीच केलेलं आहे. मालकानं कामगारांसमोर दंड पुढं केला तर बाकीच्यांची भीती अर्धी कमी होईल.

नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींच्या रथाचा दोर ओढताना मालक आणि कामगार एकाच दोराला असतात. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून मी ते बघायचे. त्या रथोत्सवाआधी १० कारखाने तरी तयार व्हावेत, अशी माझी इच्छा आहे.

शिकवायला मी येते, फी नाही. माझ्याकडं दोन मशीनं आहेत, एक मध्यम पट्ट्याचं आणि एक मोठ्या. तुमच्यातल्या एखाद्या कांडीवालीला (कांड्यांवर सूत भरणारीला) किंवा दिवाणजींना दोन वेळा दाखवलं की पुढं तेच मोजतील. तुमच्या पगाराचा वार आणि पाळी सुटायची वेळ तेवढी कळवा. बोर्ड आधी लावा, मग मला बोलवा. आमचे हेही सोबत येतील. त्यांचं बोलणं अजून सावकाश आहे, उजवा हात चालत नाही, पण डाव्या हातानं आकडे लिहायला ते शिकलेत. वही तेच भरतील.

आपली,
पूर्व भागातली एक निवृत्त परिचारिका